फिलिपिनो लघुकथा आणि तिचे परीक्षक

१/
मनिला हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. १९५८ साली विनोबा भावे आणि १९८५ साली बाबा आमटे यांचा गौरव करणारा रॅमन मॅगसेसे पुरस्कार याच शहरातून दिला जातो. १९९७ साली या पुरस्काराच्या पत्रकारिता व साहित्य विभागात महाश्वेता देवी यांची निवड झाली. त्याच विभागात आदल्या वर्षीचे मानकरी होते निक होआकिन, फिलिपिन्सचे थोर कथाकार. महाश्वेतादेवींचे नाव येथील प्रत्येक वाचनप्रेमीला ठाऊक आहे. होआकिन मात्र येथे जवळजवळ कोणालाच ठाऊक नाहीत.

२/
हा अपरिचय दूर करण्याचा सोपा मार्ग म्हणजे पुरस्कारप्राप्त फिलिपिनो कथांची यादी मिळवावी आणि क्रमाने वाचत जावे. मार्ग वाईट नाही. पण त्यात एक फसगत आहे. फिलिपिन्समध्ये पारितोषिक हे कथा लिहून झाल्यावर गळ्यात पडणारा हार एवढेच कधी नव्हते. कथा कोणत्या भाषेत लिहावी, कोणासाठी लिहावी आणि कोणती कथा जपून ठेवावी, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा होता. म्हणून ती यादी गुणपत्रिकेसारखी वाचू नये. ऐतिहासिक कागदपत्रासारखी वाचावी.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. तीनशेहून अधिक वर्षे फिलिपिन्सवर स्पेनची सत्ता होती. डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहाने स्पेनने ही बेटे अमेरिकेच्या हवाली केली. त्यापोटी अमेरिकेने दोन कोटी डॉलर मोजले. फिलिपिनो क्रांतिकारकांनी जाहीर केलेल्या स्वातंत्र्याची दखल त्या तहात नव्हती. १८९९ मध्ये युद्ध पेटले आणि रक्तपातानंतर अमेरिकेचा अंमल स्थिर झाला.

४/
ऑगस्ट १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाचे जहाज मनिलाच्या बंदरात लागले. त्यातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक उतरले. जहाजाच्या नावावरून त्यांना पुढे ‘थॉमसाइट’ म्हटले गेले. सार्वजनिक शाळा उघडल्या आणि शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले. १९०८ मध्ये फिलिपिन्स विद्यापीठाची स्थापना झाली. एका पिढीच्या आत नवशिक्षितांची भाषाच बदलली.

५/
या बदलाचे मोल एका उदाहरणावरून कळते. राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांच्या ‘नोली मे तांगेरे’ (१८८७) आणि ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (१८९१) या दोन्ही कादंबऱ्या स्पॅनिश भाषेत आहेत. रिझाल यांना १८९६ मध्ये देहदंड झाला. त्यानंतर दोन पिढ्यांच्या आत बहुसंख्य सुशिक्षित तरुणांना त्यांच्या कादंबऱ्या भाषांतराखेरीज वाचणे कठीण झाले. ज्या पुस्तकांनी राष्ट्रभावना जागवली, त्यांची भाषाच राष्ट्राला दुरावली.

६/
या नव्या इंग्रजी शिक्षणातून १९२५ साली पाझ मार्केझ बेनितेझ यांची ‘डेड स्टार्स’ ही कथा आली. कथानायक अल्फ्रेदो याचा विवाह एस्पेरान्साशी ठरलेला आहे. मन मात्र हुलिया नावाच्या तरुणीकडे ओढले जाते. तो कर्तव्य निवडतो. अनेक वर्षांनी हुलियाची भेट होते आणि त्याच्या ध्यानात येते, की आपण उराशी जपलेले प्रेम केव्हाच विझलेल्या ताऱ्याच्या प्रकाशासारखे होते. जहाज बंदरात लागल्यापासून अवघ्या चोवीस वर्षांत परक्या भाषेत एवढी संयत कथा लिहिली गेली, ही खरोखर नवलाची गोष्ट आहे.

७/
या कथेला बहुधा ‘पहिली आधुनिक फिलिपिनो लघुकथा’ म्हटले जाते. नेमके वर्णन ‘इंग्रजी भाषेतील पहिली’ असे हवे. पण ‘इंग्रजी भाषेतील’ हे शब्द वापरता वापरता गळून पडतात. सेबुआनो भाषेत व्हिसेंते सोत्तो यांची ‘मामिंग’ ही कथा विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, त्यांच्याच ‘आंग सुगा’ या पत्रात छापली गेली होती. तागालोग वृत्तपत्रांत ‘दागली’ नावाच्या छोट्या कथाचित्रांची चाल त्याच सुमारास पडली होती. म्हणजे इंग्रजी कथेच्या कितीतरी आधी देशी भाषांत कथा लिहिली जात होती. ती मोजणारे मात्र कोणी नव्हते.

८/
वाचकसंख्येच्या बाजूने पाहिले तर देशी भाषांचे पारडे जड होते. १९२२ मध्ये तागालोग साप्ताहिक ‘लिवायवाय’ सुरू झाले. या शब्दाचा अर्थ पहाट. १९३० च्या दशकात त्याच धर्तीवर सेबुआनो वाचकांसाठी ‘बिसाया’, पश्चिम व्हिसायासमध्ये ‘हिलिगायनोन’ आणि उत्तरेकडील इलोकानो भाषकांसाठी ‘बान्नावाग’ अशी साप्ताहिके आली. कथा आणि क्रमशः कादंबऱ्या यांवर ती चालत. तागालोग लघुकथेचे जनक मानले जाणारे देओग्रासियास रोसारिओ याच काळातले.

९/
विद्यापीठातला वाचक मात्र या कथांना बाजारू समजे. त्यामुळे कथांची पारख करणारी माणसे दोन्ही बाजूंना उभी राहिली. तागालोगमध्ये क्लोदुआल्दो देल मुंदो यांनी १९२७ पासून ‘पारोलांग गिन्तो’, म्हणजे सोनेरी कंदील, या नावाने वर्षातील उत्तम कथांची निवड सुरू केली. पुढे आलेहांद्रो अबादिल्या यांनीही अशीच निवड आरंभली. इंग्रजी बाजूला होसे गार्सिया व्हिल्या हा विशीतला तरुण कथांना तारांकित करून वार्षिक यादी काढू लागला. परीक्षकांचा काळ सुरू झाला होता.

१०/
याच व्हिल्याच्या आयुष्यात १९२९ हे वर्ष विलक्षण ठरले. त्याच्या कवितांवर अश्लीलतेचा ठपका आला. विद्यापीठाने त्याला निलंबित केले आणि न्यायालयाने दंड ठोठावला. त्याच वर्षी ‘फिलिपिन्स फ्री प्रेस’ या साप्ताहिकाने त्याच्या ‘मीर-इ-निसा’ या कथेला वर्षातील सर्वोत्कृष्ट कथा ठरवून १,००० पेसोंचे पारितोषिक दिले. त्या पैशांवर व्हिल्याने अमेरिका गाठली. १९३३ मध्ये त्याचा ‘फुटनोट टू यूथ’ हा कथासंग्रह न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेने काढला.

११/
ही हकिकत सहसा यशोगाथा म्हणून सांगितली जाते. तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. देशातल्या सर्वोत्तम कथेच्या पारितोषिकाचा उपयोग देश सोडण्यासाठी झाला. इंग्रजीत लिहिणाऱ्या गुणी तरुणाचा अंतिम न्यायाधीश मनिलात बसलेला नव्हता. तो अमेरिकेत होता. हे कोणी कायद्याने ठरवलेले नव्हते. भाषेबरोबर न्यायासनही परदेशी गेले, इतकेच.

१२/
पुढचे परीक्षक म्हणून शासन पुढे आले. १९३५ मध्ये फिलिपिन्सला अमेरिकेच्या छायेखाली मर्यादित स्वराज्य मिळाले आणि मान्युएल केसोन अध्यक्ष झाले. १९३७ मध्ये तागालोग ही राष्ट्रभाषेचा पाया म्हणून घोषित झाली. १९४० मध्ये इंग्रजी, स्पॅनिश आणि तागालोग या तीन भाषांसाठी राष्ट्रकुल साहित्य पारितोषिके दिली गेली. स्पेन गेला, अमेरिका जाण्याच्या वाटेवर होती आणि राष्ट्र आकार घेत होते. त्या तिन्ही अवस्था पारितोषिकांच्या विभागांत उमटल्या. सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन यांना तेथे जागा नव्हती.

१३/
निबंधाचे पारितोषिक साल्वादोर लोपेझ यांच्या ‘लिटरेचर अँड सोसायटी’ या पुस्तकाला मिळाले. कलेसाठी कला या व्हिल्याच्या भूमिकेला लोपेझ यांचा ठाम विरोध होता. लेखकाने समाजाशी बांधील असावे, असे ते म्हणत. मराठी वाचकाला फडके-खांडेकर वाद आठवावा, असाच हा प्रसंग आहे. फरक एवढाच, की फिलिपिन्समध्ये या वादाच्या एका बाजूवर शासकीय पारितोषिकाची मोहोर उमटली.

१४/
कथेचे पारितोषिक मान्युएल आर्गिल्या यांच्या संग्रहाला मिळाले. त्यातील शीर्षककथा आजही जिवंत वाटते. लिओन हा शिकलेला मुलगा शहरातली पत्नी घेऊन गावी येतो. बाल्दो हा धाकटा भाऊ त्यांना आणायला जातो. वडिलांनी त्याला बजावलेले असते, की ठरलेल्या रस्त्याने टांग्यातून न आणता बैलगाडीतून शेतांच्या वाटेने आण. नव्या सुनेची ती न बोललेली परीक्षा असते. अंधार पडतो, शेतांचा वास येतो, ती थोडी घाबरते. पण निभावून नेते.

१५/
गावाचे नाव नाग्रेब्कान. ते ला उनियोन प्रांतातले, आर्गिल्यांचे स्वतःचे गाव. तेथील माणसे इलोकानो बोलतात. कथेत ती इंग्रजी बोलतात. आर्गिल्यांचे कौशल्य असे, की त्या इंग्रजीलाही मातीचा वास येतो. पण ज्या बापाने सुनेची परीक्षा घेतली, त्याला ही कथा वाचता आली असती का, हा प्रश्न पारितोषिकाच्या नोंदीत कोठेच नाही. आर्गिल्या पुढे जपानविरोधी भूमिगत चळवळीत उतरले. १९४४ मध्ये जपान्यांनी त्यांना पकडून ठार केले.

१६/
जपानच्या ताब्यात फिलिपिन्स १९४२ मध्ये गेला होता. नव्या सत्तेला अमेरिकेचा ठसा पुसायचा होता. म्हणून तिने इंग्रजीची कोंडी केली आणि जपानीबरोबर तागालोगला अधिकृत भाषा केले. ‘लिवायवाय’ही जपानी नियंत्रणाखाली आले. १९४३ मधील सर्वोत्तम पंचवीस तागालोग कथांची निवड याच काळात झाली. तिच्यातील पहिले पारितोषिक नार्सिसो रेयेस यांना, दुसरे लिवायवाय आर्सेओ यांना आणि तिसरे एन. व्ही. एम. गोन्सालेस यांना मिळाले.

१७/
रेयेस यांच्या कथेचे नाव ‘लुपांग तिनुबुआन’, म्हणजे जन्मभूमी. शहरात वाढलेला दांदिंग एका अंत्यविधीसाठी वडिलांच्या गावी जातो आणि त्या मातीशी असलेले आपले नाते त्याला प्रथमच उमगते. आर्सेओ तेव्हा तरुण होत्या. आईवडिलांच्या संसारातील अबोल दुरावा मुलीच्या नजरेतून पाहणारी त्यांची कथा तागालोग गद्यातला मैलाचा दगड मानली जाते. गोन्सालेस तर मुख्यतः इंग्रजीत लिहिणारे. परिस्थितीने त्यांना तागालोगकडे वळवले.

१८/
येथे इतिहासाच्या अभ्यासकाची खरी कसोटी लागते. तागालोग कथेला ही संधी आक्रमकाच्या धोरणामुळे मिळाली. म्हणून त्या कथा कलंकित ठरवाव्यात काय? तसे करणे अन्यायाचे होईल. पण स्पर्धेचा संदर्भ पुसून केवळ ‘सुवर्णकाळ’ म्हणणे हाही खोटेपणा होईल. परक्या सैन्याच्या देखरेखीखालील साप्ताहिकात जन्मभूमीवरची कथा छापली जाते आणि पहिली येते. या एकाच घटनेत तडजोडही आहे आणि प्रतिकाराची शक्यताही. दोन्ही एकत्र धरून ठेवणे, हाच प्रामाणिक मार्ग आहे.

१९/
१९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला. इंग्रजीचा मान मात्र पूर्वीसारखाच परत आला. अशा वेळी १९५० मध्ये सर्वांत दीर्घायुषी ठरलेले पारितोषिक सुरू झाले : कार्लोस पालांका स्मृती साहित्य पारितोषिक. पालांका हे चीनहून आलेले स्थलांतरित. १९०२ मध्ये त्यांनी ‘ला तोंदेन्या’ ही मद्यनिर्मिती संस्था उभारली आणि तिच्यावर मोठी संपत्ती मिळवली. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. कुटुंबाने त्यांच्या नावे साहित्याची स्पर्धा सुरू केली. वृत्तपत्र आणि शासन यांच्यानंतर आता उद्योगपतीचे घराणे साहित्याचे आश्रयदाते झाले.

२०/
आरंभी स्पर्धा फक्त लघुकथेची होती आणि भाषा दोनच : इंग्रजी व तागालोग. पहिल्या वर्षीचे मानकरी इंग्रजीत हुआन गात्बोन्तोन (‘क्ले’) आणि तागालोगमध्ये जेनोवेवा एद्रोसा मातुते (‘कुवेंतो नि माबुती’). दोन्ही भाषांना समान स्थान ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. इंग्रजीला राजमान्यता आणि देशीला लोकमान्यता, ही जुनी विभागणी निदान या व्यासपीठावर तरी मोडली.

२१/
मातुते स्वतः शिक्षिका. त्यांच्या कथेतील बाईंना विद्यार्थ्यांनी पाठीमागे ‘माबुती’ हे नाव ठेवलेले असते, कारण त्यांच्या प्रत्येक बोलण्यात हा शब्द येतो. माबुती म्हणजे छान, चांगले. एक विद्यार्थिनी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात रडत असते. बाई तिला धीर देतात आणि त्या ओघात त्यांचे स्वतःचे झाकलेले दुःख तिला कळते. सगळे चांगले आहे असे सांगणाऱ्या बाईंच्या घरी फारसे काही चांगले नसते. एवढ्या साध्या कथेने एका दीर्घ परंपरेचा आरंभ व्हावा, हे त्या परंपरेचे भाग्यच.

२२/
पालांका स्पर्धेत प्रवेशिकेवर लेखकाचे नाव नसते. परीक्षकांपुढे फक्त मजकूर येतो. त्यामुळे नवख्या लेखकाला मुरलेल्या लेखकाशी बरोबरीने स्पर्धा करता येते. ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे. पण तिच्यात एक उणीवही आहे. साप्ताहिकातल्या कथेला हजारो अनोळखी वाचकांना धरून ठेवावे लागते. स्पर्धेतल्या कथेला मूठभर जाणकारांचे समाधान केले की पुरते. दीर्घकाळ अशी सवय लागली की लेखक, परीक्षक आणि वाचक हे तिघे एकाच लहान वर्तुळातले होतात.

२३/
तरीही या वर्तुळात बाहेरचा संताप शिरला, याचे श्रेय पारितोषिकाला दिले पाहिजे. १९६४ मध्ये पाच तरुण तागालोग कथाकारांचे ‘मगा आगोस सा दिस्येर्तो’, म्हणजे वाळवंटातील प्रवाह, हे संकलन आले. रोहेलिओ सिकात हे त्या पाचांतले एक. त्यांच्या ‘इंपेंग नेग्रो’ आणि ‘ताता सेलो’ या कथांना पालांका पारितोषिके मिळाली. गोड प्रेमकथांना कंटाळलेल्या या पिढीने झोपडपट्टी, कूळ आणि कामगार यांना कथेच्या मध्यभागी आणले.

२४/
इंपेंग हा कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकाचा आणि फिलिपिनो आईचा मुलगा. सार्वजनिक नळावर पाणी भरून तो चार पैसे मिळवतो आणि रंगावरून रोज टोमणे खातो. शेवटी एके दिवशी तो उलटतो. ताता सेलो हा वृद्ध शेतकरी. एकेकाळी स्वतःची असलेली जमीन गमावून तो त्याच जमिनीवर कूळ म्हणून राबतो. तीही काढून घेतली जाते तेव्हा त्याच्या हातून जमीनदाराचा खून होतो. कोठडीत मार खाताना तो एकच साधी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू पाहतो. ती कोणी ऐकत नाही. कुळकायद्याची चर्चा ऐकत वाढलेल्या मराठी घरांना ही कथा समजावून सांगावी लागणार नाही.

२५/
सप्टेंबर १९७२ मध्ये फर्दिनांद मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. ‘फ्री प्रेस’ बंद झाले आणि त्याबरोबर कथेचे एक जुने, प्रतिष्ठित व्यासपीठही गेले. पालांका स्पर्धा मात्र चालू राहिली. छापण्याच्या वाटा आवळल्या गेल्या असताना ती लेखकांना आधार वाटली असल्यास नवल नाही. १९७८ मध्ये जुन क्रूझ रेयेस यांच्या ‘उतोस नांग हारी’, म्हणजे राजाची आज्ञा, या कथेला पारितोषिक मिळाले. शाळेतील अधिकाराच्या जाचाने वैतागलेल्या विद्यार्थ्याचे ते उपरोधिक स्वगत आहे. शाळेच्या आडून कोणाविषयी बोलले जात आहे, हे समजण्यास टीपेची गरज नव्हती.

२६/
याच कालखंडात पुरस्कार स्वीकारण्याचा एक असाधारण प्रसंग घडला. १९७२ मध्ये मार्कोस शासनाने ‘राष्ट्रीय कलावंत’ हा सर्वोच्च सन्मान सुरू केला होता. १९७६ मध्ये तो निक होआकिन यांना देण्याचे ठरले. कवी-पत्रकार होसे लाकाबा तेव्हा बंदिवासात होते. त्यांची सुटका होणार असेल तरच सन्मान स्वीकारीन, अशी अट होआकिन यांनी घातली. लाकाबा सुटले. सत्तेला होआकिन यांच्या नावाची शोभा हवी होती; होआकिन यांनी तिच्या बदल्यात एका माणसाचे स्वातंत्र्य मागून घेतले.

२७/
शासकीय सन्मानाचे पुढचे वळण एवढे उदात्त नाही. २००९ मध्ये अध्यक्षा ग्लोरिया आरोयो यांनी निवड प्रक्रियेतून न आलेली चार नावे ‘राष्ट्रीय कलावंत’ यादीत घातली. कलाक्षेत्रातून मोठा निषेध झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१३ मध्ये न्यायालयाने त्या चारही नियुक्त्या रद्द ठरवल्या. सन्मानाची किंमत राखण्यासाठी कलावंतांनाच न्यायालयाची पायरी चढावी लागली. देणारा हात कोणाचा, हा प्रश्न किती खरा आहे, ते यावरून दिसते.

२८/
पारितोषिक आणि सामान्य वाचक यांची फारकत अटळ आहे काय? लुआलहाती बाऊतिस्ता यांचे उदाहरण तसे म्हणू देत नाही. महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या या लेखिकेने कथा आणि कादंबरी या दोन्ही प्रकारांत पालांका पारितोषिके मिळवली. लष्करी कायद्याच्या काळातील एका मध्यमवर्गीय आईची गोष्ट सांगणाऱ्या त्यांच्या ‘देकादा ’७०’ या कादंबरीला १९८३ मध्ये पारितोषिक मिळाले. पुढे तिच्यावर चित्रपट निघाला आणि पिढ्यान्‌पिढ्या ती वाचली गेली. लोकांची भाषा आणि परीक्षकांचा कौल येथे एकत्र आले.

२९/
आता या इतिहासातील सर्वांत बोलका आकडा. पालांका स्पर्धेत सेबुआनो, हिलिगायनोन आणि इलोकानो या भाषांतील लघुकथेसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाले ते १९९७ मध्ये. स्पर्धेच्या स्थापनेनंतर ४७ वर्षांनी! सोत्तो यांच्या ‘मामिंग’पासून मोजले तर शतक पूर्ण होत आले होते. या तिन्ही भाषांत साप्ताहिके होती, लेखक होते, वाचक होते. नव्हती ती फक्त राष्ट्रीय यादीत एक ओळ.

३०/
ती ओळ मिळाल्यावरही प्रश्न संपला नाही. फिलिपिन्समध्ये दीडशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. वाराय, बिकोल, कापांपांगान, पांगासिनान या भाषा लक्षावधी लोकांच्या. १९९७ च्या नव्या विभागांत त्या नव्हत्या. पश्चिम व्हिसायासमध्ये लिओन्सिओ देरियादा यांनी तरुणांना किनाराय-आसारख्या मातृभाषांत लिहायला लावले. देरियादा स्वतः पालांका स्पर्धेत अनेकदा पहिले आलेले. वर्तुळाच्या आतला माणूस वर्तुळाबाहेरच्या भाषांसाठी दार उघडू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

३१/
यावर एक रास्त आक्षेप येईल. पारितोषिके नसती तर यांतल्या कितीतरी कथा लिहिल्याच गेल्या नसत्या. मग उणिवा कशाला काढाव्यात? आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करावाच लागतो. कथासंग्रहांना मोठी बाजारपेठ नसलेल्या देशात स्पर्धेने लेखकाला मुदत दिली, मोबदला दिला आणि आपले लेखन कोणीतरी काळजीपूर्वक वाचणार असा दिलासा दिला. मातुते, सिकात, बाऊतिस्ता यांची नावे आज सहज सापडतात ती या नोंदींमुळेच.

३२/
पण उत्तरार्ध मान्य करता येत नाही. जी संस्था जपते, तीच वगळतेही. आणि वगळलेले कालांतराने नव्हतेच असे वाटू लागते. ‘बिसाया’ आणि ‘बान्नावाग’ यांच्या जुन्या अंकांतल्या कथाकारांविषयी सामान्य वाचकाला माहिती नसते, ती कथा कमअस्सल होत्या म्हणून असेलच असे नाही. त्या यादीत नव्हत्या, हे कारण पुरेसे आहे. दोष एखाद्या परीक्षकाचा नाही. यादीलाच इतिहास समजण्याच्या सवयीचा तो दोष आहे.

३३/
म्हणून इतिहासप्रेमी तरुणाने कोणत्याही साहित्य पारितोषिकाच्या यादीला चार प्रश्न विचारावेत. पैसा कोणाचा होता? कोणत्या भाषांना प्रवेश होता? निवड करणारे कोण होते आणि कोणाच्या वतीने? त्या वर्षी यादीबाहेर काय छापले जात होते? १९२९, १९४०, १९४३, १९५० आणि १९९७ या पाच वर्षांना हे प्रश्न विचारले, तर साप्ताहिक, शासन, आक्रमक, उद्योगपतीचे घराणे आणि प्रादेशिक भाषा असा फिलिपिन्सचा अर्धाअधिक विसावा शतक डोळ्यांपुढून जातो.

३४/
वाचनाला आरंभ करायचा असेल तर आर्गिल्या यांची बैलगाडीची कथा आणि सिकात यांची ‘ताता सेलो’ या दोन लागोपाठ वाचाव्यात. दोन्हींत जमीन आहे, बाप आहे, गाव आहे. एक इंग्रजीत लिहिलेली, एक तागालोगमध्ये. दोन्ही पारितोषिकप्राप्त. मग विचारावे, की याच काळात नाग्रेब्कानच्या एखाद्या शेतकऱ्याने ‘बान्नावाग’मध्ये आपल्या इलोकानोत कोणती कथा वाचली असेल. ती कथा अजून कोठेतरी जुन्या अंकात पडून असेल. फिलिपिनो लघुकथेचा उरलेला इतिहास तेथून लिहायचा आहे.

(समाप्त)